तुम्ही विचारलंत म्हणून: बेताच्या पैशात, सगळ्यांना घेऊन, परदेशी

"पैसे बेताचे आहेत, घरचे सगळे जायचंय, परदेशात कुठे जाऊ?" ओळखीतले विचारतात, ऑफिसातले विचारतात, ज्यांची नावंही मला नीट आठवत नाहीत असे लांबचे नातेवाईकही विचारतात. आम्ही पाच वेळा जाऊन आलोय आणि आमची मिळकत किती हे सगळ्यांना साधारण ठाऊक आहे, म्हणून विचारतात. मी आजवर एका शब्दात उत्तर देत आले. श्रीलंका. व्हिएतनाम. कंबोडिया. समोरचा फोनमध्ये टिपून घेतो, खूश होतो, आणि मी घरी येऊन अस्वस्थ होते. त्या एका शब्दामागे मी दरवेळी जे गिळते, ते आज पुरतं सांगते.

देश स्वस्त म्हणून सहल स्वस्त होत नाही. चौघं निघालात की प्रत्येक खर्चाला चारने गुणायचं, आणि हा गुणाकार घर सोडायच्या कितीतरी आधी सुरू होतो. "युरोप का नाही करत?" असं विचारणाऱ्यांनी शेंगेन व्हिसाची फी चौघांसाठी मांडून पाहावी. जून 2024 पासून मोठ्या माणसाला 90 युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलाला 45. शिवाय किमान 30,000 युरोचं संरक्षण देणारा वैद्यकीय विमा. व्हिसा नाकारला तर फी गेली. मिळाला तर 29 देशांची दारं उघडतात हे खरं, पण बेताच्या पैशात ती सगळी उघडायला गेलात तर बसच्या खिडकीतून देश मोजत बसाल. मला तशी सहल नको होती, अजूनही नको आहे. यावरून मला कोणी चिकट म्हटलं की लागतं. चिकट माणूस घरी बसतो.

दुसरं, महिना. मुलांच्या सुट्ट्या आपल्या हातात नसतात, त्यामुळे आधी महिना ठरतो आणि मग देश. श्रीलंकेचंच घ्या. तिथे दोन मोसमी पाऊस आहेत. मे ते सप्टेंबर दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावर समुद्र खवळलेला असतो, त्याच काळात पूर्व किनारा निवांत; डिसेंबर ते फेब्रुवारी नेमकं उलट. व्हिएतनाममधल्या होई आनला ऑक्टोबर-नोव्हेंबरात थू बोन नदी जुन्या गावाच्या गल्ल्यांत शिरते. त्या दिवसांत खोल्या स्वस्त का दिसतात, याचं उत्तर नदीच देते. मी "श्रीलंका" एवढंच म्हणते तेव्हा यातलं काहीच सांगितलेलं नसतं.

आता कंबोडिया. 2017 चा डिसेंबर.

लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. अंगकोर वाटचे पाच मनोरे तिने वहीच्या मागच्या पानांवर इतक्यांदा काढले होते की कुठे जायचं हा प्रश्नच नव्हता. प्रश्न आईचा होता. सदुसष्ट वर्षांची, कधी देशाबाहेर गेली नव्हती, आणि बाबा गेल्यापासून तर कुठेच गेली नव्हती. तिघांचे पैसे जमले होते, चौथ्याचे जमत नव्हते. मी तीन आठवडे रोज रात्री तिकिटं धुंडाळत होते. एका रात्री सापडलं. सलग एकच तिकीट न काढता वाटेतल्या मोठ्या विमानतळापर्यंत एका कंपनीचं आणि तिथून अंगकोरजवळच्या सिएम रीपपर्यंत दुसऱ्या कंपनीचं, अशी वेगवेगळी तिकिटं काढली, तर वाचणारे पैसे जवळजवळ आईच्या तिकिटाएवढे होते. मी नवऱ्याला उठवून सांगितलं. सकाळी आईला फोन केला.

मधे साडेचार तास ठेवले होते. सामान फक्त हातातलं, माणशी सात किलो, म्हणजे बॅगा घ्यायला बाहेर पडायची गरज नाही. मला वाटलं, सगळा विचार केलाय. पण दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगवर, असतील तरच पहिलं उशिरा आल्यावर तुम्हाला पुढे पोचवणं कंपनीला भाग असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिकिटं वेगळी असली तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही न आलेले प्रवासी असता, बस.

पहिलं विमान पावणेसहा तास उशिरा सुटलं. आम्ही उतरलो तेव्हा दुसरं निघून गेलं होतं. काउंटरवरच्या मुलीने शांतपणे सांगितलं की जायचा टप्पा चुकला की त्याच बुकिंगवरचा परतीचाही आपोआप रद्द होतो. मी ते तिच्या तोंडून तीनदा ऐकलं, जणू तिसऱ्यांदा ते वेगळं निघणार होतं. विमा काढला नव्हता. तोही त्या वाचवलेल्या पैशांतच होता. चौघांना जागा असलेलं पुढचं विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. त्या देशाचा व्हिसा नव्हता, त्यामुळे बाहेर जाऊन खोली घेता येईना. आतल्या हॉटेलात जागा नव्हती.

खुर्च्यांना मधेमधे लोखंडी हात होते, आडवं होता येईना. आईचे पाय घोट्यापाशी सुजले होते. मी माझी शाल फरशीवर अंथरली आणि तिला निजवलं. माझी आई चारचौघांत पाय पसरून बसलेली मी कधी पाहिली नव्हती. ती भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन निजली. तास-दीड तासाने फरशी पुसायला एक माणूस आला आणि त्याने हाताने खूण केली. आई धडपडत उठली, शाल गोळा केली, आणि त्याला हात जोडून "सॉरी, सॉरी" म्हणाली. त्याची काही चूक नव्हती, तिचीही नव्हती. पुन्हा निजली. पहाटेपर्यंत हे तीनदा झालं. तिसऱ्यांदा उठल्यावर ती परत निजलीच नाही. शालीची घडी मांडीवर घेऊन बसून राहिली. "तू झोप गं, मला काही होत नाही."

लोक इथपर्यंत ऐकतात आणि म्हणतात, पोचलात ना शेवटी? पोचलो. त्याच्या पुढचं मी कोणाला सांगत नाही.

नव्या तिकिटांत राखून ठेवलेलं सगळं गेलं होतं, आणि मी हिशेब करत सुटले होते. अंगकोरचा तीन दिवसांचा पास 62 डॉलर, एका दिवसाचा 37. बारा वर्षांखालच्या मुलांना पास लागत नाही. मोठ्या तिघांचे मिळून 75 डॉलर वाचतात म्हणून मी एकाच दिवसाचे पास काढले. आम्ही तिथे चार दिवस होतो. उरलेले तीन हॉटेलात आणि रस्त्यांवरून फिरण्यात गेले. ज्या एका गोष्टीसाठी एवढ्या लांब आलो होतो, मी नेमकी तिथेच कात्री लावली.

एका दिवसात सगळं बसवायचं म्हणून सगळ्यांना पहाटे साडेचारला उठवलं. अंगकोर वाटचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे सूर्य मनोऱ्यांच्या पाठीमागून वर येतो. तळ्याकाठी उभं राहून आम्ही तो पाहिला, आणि मी लेकीचा चेहरा पाहिला. ती सकाळ वाया गेली असं मी कधीच म्हणणार नाही. मग आत गेलो तेव्हा कळलं की सगळ्यात वरच्या भागात, बाकानवर, बारा वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत. मी हे आधी वाचायला हवं होतं. तिला पाचही मनोऱ्यांच्या मधोमध उभं राहायचं होतं. ती रडली नाही, त्या उभ्या पायऱ्या मोजत राहिली.

नंतर बायोन, तिथलंच दुसरं देऊळ. तिथे सगळे वरच्या दगडी चेहऱ्यांकडे धावतात. आई खालीच, बाहेरच्या भिंतीपाशी थांबली. त्या भिंतीवर आठशे वर्षांपूर्वीचा रोजचा दिवस कोरलेला आहे. बाजार भरलाय, कोंबड्यांची झुंज लागलीय, रांधणं चाललंय, आणि एक बाई बाळंत होतेय. आई तिथे उभी राहिली ती हलेना. पाय अजून सुजलेलेच होते, तरी उभी. मला काहीतरी सांगू लागली, तिच्या आजीबद्दल, कुठल्याशा बाळंतपणाबद्दल. मी घड्याळ पाहिलं. "आई, चल ना, ता प्रोम राहून जाईल." ती वाक्य अर्ध्यावर सोडून लगेच चालायला लागली. फरशीवरून उठली होती, तशीच लगेच.

ता प्रोमची झाडं पाहिली. देवळाच्या छतावरून उतरलेली ती मुळं प्रचंड आहेत, फोटोही छान आलेत. आईची गोष्ट मात्र राहिली. परत आल्यावर विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं, असंच." पुढेही दोनदा विचारलं. तेच उत्तर.

आता माझं माझ्याशीच भांडण चालतं ते असं. तेव्हाची मी म्हणते, ती वेगळी तिकिटं काढली नसती तर आई आलीच नसती. हे शंभर टक्के खरं आहे, हिशेबाची वही अजून माझ्याकडे आहे. आजची मी म्हणते, एक वर्ष थांबून चौथ्या तिकिटाचे पैसे साठवता आले असते. तेव्हाची विचारते, आणि वर्षभराने तिचे गुडघे कसे असते? ते खरंच बिघडले. 2020 मध्ये तर जगातले विमानतळच ओस पडले. थांबले असते तर तिने तो सूर्योदय कदाचित कधीच पाहिला नसता. मग ठीक केलं का मी? असं म्हणायला जाते आणि शाल गोळा करत हात जोडणारी आई समोर येते. नवरा म्हणतो, पुरे आता, त्या स्वतः किती आनंदाने सांगतात त्या सहलीबद्दल. सांगते, हे खरं आहे. विमानतळावरची रात्र तिने कोणालाच सांगितलेली नाही, हेही खरं आहे.

त्यानंतर आम्ही कसं करतो ते विचारलंत तर सांगते, कारण तुम्हाला तेच हवं असतं. सगळी विमानं एकाच पीएनआरवर, थोडी महाग पडली तरी. विमा तिकिटाच्याच दिवशी. पासपोर्टची मुदत तपासणं सगळ्यात आधी, कारण बऱ्याच देशांना तिथे पोचल्यापासून पुढचे सहा महिने तरी शिल्लक लागतात. कार्डाचं मशीन कोणत्या चलनात पैसे घेऊ असं विचारतं, तेव्हा नेहमी तिथल्याच. आणि ज्या एका गोष्टीसाठी निघालोय तिचे पैसे पहिल्या दिवशी वेगळ्या पाकिटात. काहीही झालं तरी त्याला हात लावायचा नाही. वाचवायचं ते मुक्काम कमी वेळा बदलून. श्रीलंकेत आम्ही सात दिवसांत फक्त दोन गावी राहिलो, सिगिरियाचा तो खडक चढलो आणि एक अख्खा दिवस काहीच केलं नाही. माझ्या मते ती आमची सगळ्यात चांगली सहल.

आई नव्हती त्यात. व्हिएतनामलाही नव्हती. दरवेळी विचारलं की म्हणते, "तुम्ही जा, मजा करा, माझे गुडघे." गुडघे खरंच दुखतात तिचे. पण विचारल्यावर ती माझ्याकडे न बघता उत्तर देते, आणि त्या उत्तरात गुडघे किती आणि फरशी किती, मला ठरवता येत नाही.

तिचा पासपोर्ट पुढच्या वर्षी संपतो. सहा महिन्यांचा नियम धरला तर त्याआधीच. नव्याचा अर्ज मी भरून तिच्या कपाटात, वरच्या कप्प्यात ठेवलाय. सगळं भरलंय, फक्त तिची सही राहिलीय.