सव्वापाच लाखांचा देश आणि आमचे नागरिकत्व

१३ ऑक्टोबर २०२५ रोजी आपली राजधानी प्राइया येथे केप व्हर्दे या आफ्रिकेच्या पश्चिमेकडील बेटांच्या देशाने एस्वातिनी या आफ्रिकी देशाला ३-० असे हरवून इतिहासात प्रथमच फुटबॉलच्या विश्वचषकाची, म्हणजे २०२६च्या स्पर्धेची, पात्रता मिळवली, आणि दुसऱ्याच दिवशी मडगावच्या फातोर्डा मैदानावर भारत सिंगापूरकडून १-२ असा हरून २०२७च्या आशिया चषकाच्या शर्यतीतून बाद झाला. या दोन बातम्या एकामागोमाग आल्या नसत्या, तर हा लेख मी बहुधा लिहिला नसता. दुसरी बातमी मला फोनवर कळली. पहिली मात्र खिडकीतूनच घरात शिरली, कारण आम्ही राहतो तो नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचा पश्चिम भाग म्हणजे केप व्हर्देच्या लोकांची जुनी वस्ती. मध्यरात्र उलटून गेली तरी गाड्यांचे भोंगे, ढोल आणि निळे झेंडे काही थांबले नाहीत. आमच्या गल्लीत गणपतीच्या मिरवणुकीला परवानगी मागितली असती तर किती कागद भरावे लागले असते, हा विचार माझ्या मनात येऊन गेला. त्याबद्दल मला फारसे वाईटही वाटत नाही.

ऑफिसात एका डच सहकाऱ्याने नेहमीचा प्रश्न विचारला: तुम्ही जवळजवळ दीडशे कोटी, ते सव्वापाच लाख, मग हे असे कसे? मी नेहमीची उत्तरे दिली. आमच्याकडे क्रिकेट आहे. १९५६च्या ऑलिंपिकमध्ये आम्ही चौथे आलो होतो. १९६२च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले होते. ही उत्तरे मी आता झोपेतही देऊ शकते. परंतु त्या दिवशी ती देताना माझी मलाच चीड आली, कारण समोरचा माणूस साठ वर्षांपूर्वीचे नव्हे, कालचे विचारत होता. शिवाय मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली, म्हणजे तालमींच्या फुटबॉल संघांच्या सामन्यांसाठी शाहू स्टेडियमवर उन्हात बसलेली मुलगी. भारतात फुटबॉल कोणी खेळत नाही, असे कोल्हापूरच्या माणसाने ऐकून घ्यायचे तरी कसे? केप व्हर्देची अख्खी लोकसंख्या २०११च्या जनगणनेतल्या कोल्हापूर शहराएवढीच आहे. पाटाकडील आणि खंडोबा या तालमींच्या सामन्याला जमणारे गाव उद्या स्पेनविरुद्ध विश्वचषकात उतरले, तर कसे वाटेल, एवढी कल्पना केली की त्या रात्रीच्या भोंग्यांचा अर्थ कळतो.

या देशाची एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. सेनेगलच्या पश्चिमेला अटलांटिकमध्ये दहा बेटे, त्यांपैकी नऊंवर वस्ती, पाऊस बेभरवशाचा. १९४०च्या दशकातल्या दुष्काळांत तेथे हजारो माणसे भुकेने मेली. त्यामुळे बाहेर पडणे हा तेथील लोकांचा जुना धर्म झाला. आधी देवमाशांच्या शिकारी जहाजांवरून ते अमेरिकेच्या न्यू बेडफर्डला गेले, मग पोर्तुगालला, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डच जहाजांवर खलाशी म्हणून रॉटरडॅमला आले. देशात राहणाऱ्यांपेक्षा देशाबाहेर राहणारे जास्त, असा हा देश आहे आणि आमच्या या बंदराला ते लोक कौतुकाने अकरावे बेट म्हणतात. आमच्या शेजारचे आजोबा अशाच जहाजांवर आयुष्य काढून निवृत्त झालेले आहेत. मका आणि घेवड्याची काचुपा शिजली की वाटीभर आमच्याकडे येते. मी बिनमांसाची मागते म्हणून माझ्यासाठी वेगळे पातेले चढवतात, हे मला फार उशिरा कळले.

पोर्तुगालकडून ५ जुलै १९७५ रोजी स्वातंत्र्य मिळाले, १९८२मध्ये फुटबॉल महासंघ उभा राहिला आणि १९८६मध्ये त्याला फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेचे सदस्यत्व मिळाले. त्यानंतरची बरीच वर्षे सांगण्याजोगे फार थोडे घडले. २००० साली मायदेशात भरलेला अमिल्कार काब्राल चषक जिंकला, हा शेजारच्या आजोबांच्या दृष्टीने मोठा प्रसंग, पण ती पश्चिम आफ्रिकेतल्या काही देशांपुरती स्पर्धा होती. खेळाडू होते, तेही पुष्कळ, परंतु ते दुसऱ्यांच्या जर्सीत होते. पोर्तुगालचा नानी याच मातीतला. फ्रान्सचा कर्णधार पॅट्रिक व्हिएरा याची आई केप व्हर्देची. स्वीडनच्या हेन्रिक लार्सनचे वडील केप व्हर्देचे. आपले नाव दुसऱ्याच्या पाठीवर वाचण्याची सवय या देशाला दीर्घकाळ होती.

ती सवय मोडली २०१२-१३मध्ये. आफ्रिका चषकाच्या पात्रतेसाठी कॅमेरूनशी गाठ पडली. प्राइयात २-० असा विजय मिळाला, कॅमेरूनच्या राजधानीत, याउंदेत, १-२ अशी हार पत्करूनही एकूण गोलांवर केप व्हर्दे पुढे गेला आणि कॅमेरून घरी बसला. संघाचे प्रशिक्षक लुसिओ आंतुनेस हे विमानतळावर हवाई वाहतूक नियंत्रक म्हणून नोकरी करणारे गृहस्थ होते आणि रजा काढून ते संघासोबत आले होते. दक्षिण आफ्रिकेतल्या त्या स्पर्धेत यजमानांशी गोलशून्य आणि मोरोक्कोशी १-१ अशी बरोबरी झाली. अंगोलाविरुद्ध स्वयंगोलामुळे पिछाडीवर पडलेल्या संघाने शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल केले. दुसरा एल्डोनने थेट नव्वदाव्या मिनिटाला केला. पहिल्याच खेपेस उपांत्यपूर्व फेरी! त्या सामन्यानंतर आंतुनेस पत्रकार परिषदेत गात सुटले. घानाने पुढच्या फेरीत ०-२ असे हरवले, पण ते आता कोणाच्या लक्षात नाही.

त्यानंतर जे झाले ते मात्र सगळ्यांच्या लक्षात आहे. सप्टेंबर २०१३मध्ये ट्युनिशियात जाऊन केप व्हर्देने यजमानांना २-० असे हरवले आणि २०१४च्या विश्वचषकाच्या पात्रतेची शेवटची पायरी गाठली. काही दिवसांतच फिफाचा निकाल आला की निलंबित असलेल्या फर्नांदो व्हारेलाला खेळवल्यामुळे सामना ट्युनिशियाला ३-० असा बहाल करण्यात येत आहे. व्हारेलाला ते निलंबन इक्वेटोरियल गिनीविरुद्धच्या सामन्यातल्या लाल कार्डामुळे झाले होते, आणि गंमत अशी की तोच सामना नंतर, समोरच्या संघाने अपात्र खेळाडू खेळवला म्हणून, केप व्हर्देच्या पदरात टाकण्यात आला होता. एका कागदाने तीन गुण दिले आणि दुसऱ्या कागदाने विश्वचषकाचे दार लावून घेतले. आजोबा या विषयावर आजही शांतपणे बोलू शकत नाहीत; मी वाद घालत नाही, कारण नियम नियमच असतो हे वाक्य मी स्वतः इथल्या सरकारी खिडक्यांवर इतक्यांदा ऐकलेले आहे की ते दुसऱ्याला ऐकवण्याची इच्छा उरलेली नाही.

आता ज्याचे मला खरे कौतुक आहे त्याविषयी. डब्लिनमध्ये आयरिश आई आणि केप व्हर्देचे वडील यांच्या पोटी जन्मलेला रॉबर्टो लोपेस हा शॅमरॉक रोव्हर्स या आयरिश क्लबचा बचावपटू. एकेकाळी बँकेत गृहकर्जाचे काम केलेला हा मुलगा आयर्लंडच्या राष्ट्रीय संघात येण्याची शक्यता कमीच होती. २०१८मध्ये लिंक्डइनवर त्याला एक पोर्तुगीज संदेश आला. भाषा कळेना, म्हणून त्याने तो फालतू जाहिरात समजून तसाच सोडून दिला. संदेश पाठवणारे होते केप व्हर्देचे तेव्हाचे प्रशिक्षक रुई आगुआस. काही महिन्यांनी त्यांनी पुन्हा, या वेळी इंग्रजीत, विचारले की आमच्याकडून खेळण्याचा विचार झाला का. पुढच्या वर्षी लोपेस केप व्हर्देकडून खेळला आणि आज तो संघाच्या बचावाचा कणा आहे. एखाद्या देशाचा राष्ट्रीय प्रशिक्षक आपल्या विखुरलेल्या लेकरांना नोकरीच्या संकेतस्थळावर शोधत बसतो आणि उत्तर आले नाही म्हणून रागावत नाही, पुन्हा विचारतो, यावर मी कितीही लिहू शकेन.

कारण आमच्याकडे याच्या नेमके उलट आहे. भारतीय माणसाने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की त्याचे भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. पासपोर्ट जमा करायचा आणि परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचे ओसीआय कार्ड घ्यायचे. त्या कार्डावर व्हिसाची कटकट वाचते, परंतु मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि भारताकडून फुटबॉलही खेळता येत नाही, कारण फिफाला नागरिकत्वाचा पुरावा हवा असतो. म्हणून भारतीय वडिलांचा मुलगा असलेल्या अराता इझुमीने जपानचे नागरिकत्व सोडले, तेव्हा कुठे तो भारताकडून खेळला. आणि आता मुंबईच्या अँग्लो-इंडियन कुटुंबातल्या आईचा मुलगा रायन विल्यम्स ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट परत करून भारतीय झाला आहे. दोघांबद्दल आदर आहेच. पण एवढा मोठा त्याग केल्याशिवाय ज्या घरात पाऊल टाकता येत नाही, त्या घरात किती जण येणार? उलट केप व्हर्देमध्ये दुहेरी नागरिकत्व चालते, परदेशी जन्मलेल्या मुलांना ते सहज मिळते, आणि ७२ सदस्यांच्या संसदेत ६ जागा परदेशस्थांनी निवडून द्यायच्या आहेत. आपल्या अनिवासी भारतीयाला मत द्यायचे तर विमानाचे तिकीट काढून गावातल्या मतदान केंद्रावर उभे राहावे लागते.

मी हे लिहिते आहे म्हणून काही वाचक विचारतीलच, की मग तुम्ही भारतीय पासपोर्ट सोडलात कशाला? डच सरकारही नव्या नागरिकाला साधारणपणे जुने नागरिकत्व सोडायला लावते, हे आधी सांगून ठेवते. म्हणजे दोष एकट्या दिल्लीचा नाही. बंदरातल्या कंटेनरांच्या नियोजनाचे माझे काम, नवऱ्याची नोकरी, घराचे कर्ज आणि इथेच जन्मलेला मुलगा, हे सगळे एका बाजूला असताना दर काही वर्षांनी परवान्याचे नूतनीकरण करत राहणे व्यवहार्य नव्हते. त्यात देशप्रेमाचा प्रश्न कुठे येतो, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही. मुलगा इथल्या क्लबात डाव्या बाजूला खेळतो, बरा खेळतो. तो भारताकडून खेळेल असे मी म्हणत नाही. परंतु त्याच्याच संघातल्या केप व्हर्दे वंशाच्या मुलापुढे दोन दारे उघडी आहेत आणि याच्यापुढे एकच, ही गोष्ट दर शनिवारी मैदानाच्या कडेला उभी राहिले की टोचते.

तरीही केप व्हर्देची भक्ती डोळे मिटून करावी असे नाही. एस्वातिनीविरुद्धचे गोल कोणी केले पाहा: पहिला दाइलॉन लिव्रामेंतोने, जो रॉटरडॅममध्ये जन्मला, दुसरा विली सेमेदोने, जो फ्रान्समध्ये जन्मला. यांना घडवले ते डच आणि फ्रेंच क्लबांनी, तिथल्या करदात्यांच्या मैदानांवर. कुरासाव या कॅरिबियन बेटाने तर जवळजवळ सगळा संघच नेदरलँड्समध्ये जन्मलेल्या खेळाडूंचा उभा करून त्याच विश्वचषकात प्रवेश मिळवला आहे. आमच्या पेठांतली पोरे स्वतःच्या पैशांनी बूट घेऊन खेळतात, ही तुलना कोणी करत नाही. आणि केवळ बाहेरच्यांच्या जोरावर सगळे जमते असेही नाही: हाच संघ २०२५च्या आफ्रिका चषकाला पात्र ठरला नाही, इजिप्त, बोत्स्वाना आणि मॉरिटानियाच्या गटात शेवटचा आला. त्यानंतर महासंघाने प्रशिक्षक बुबिस्ता यांना काढले नाही, हे मला पात्रतेइतकेच मोलाचे वाटते. आपल्याकडे किती प्रशिक्षक आले आणि गेले, याचा हिशेब वाचकांना ठाऊक आहे.

बुबिस्ता हे केप व्हर्देच्याच बोआ व्हिस्ता बेटावरचे. गोलरक्षक व्होझिन्या तिथल्याच मिंदेलो शहराचा, पात्रतेच्या वेळी वय एकोणचाळीस. याउंदेत कॅमेरूनकडून १-४ अशी धूळ चारली गेल्यावर हेच लोक टिकून राहिले. सप्टेंबरात प्राइयात कॅमेरूनला १-० असे हरवले, लिबियात १-३ अशा पिछाडीवरून ३-३ अशी बरोबरी साधली, आणि शेवटी २३ गुणांसह, कॅमेरूनच्या चार गुण पुढे राहून, गट जिंकला. एस्वातिनीविरुद्धचा तिसरा गोल जादा वेळेत स्टोपिराने केला. सदतीस वर्षांचा, प्राइयात जन्मलेला, संघ आफ्रिकेत कोणाच्या खिजगणतीत नव्हता तेव्हापासूनचा हा बचावपटू. त्या रात्रीचे सर्वांत मोठे भोंगे या गोलाला वाजले.

डिसेंबरात गटवारी जाहीर झाली: १५ जूनला अटलांटात स्पेन, मग मायामीत उरुग्वे, मग ह्यूस्टनमध्ये सौदी अरेबिया. तेव्हापासून आमच्या गल्लीत वाद पेटला आहे तो संघनिवडीचा. इतकी वर्षे बोलावूनही न आलेले, मोठ्या क्लबांत खेळणारे काही जण आता विश्वचषक दिसल्यावर आजीच्या जन्मगावाची आठवण काढतील, त्यांना घ्यायचे का? आजोबांचे म्हणणे, नक्की घ्यायचे, उशिरा आले म्हणून घरचे परके होत नाहीत. त्यांच्या मुलीचे म्हणणे, मॉरिशसविरुद्ध रिकाम्या मैदानावर जे खेळले त्यांचीच जागा पहिली. मी मुलीच्या बाजूची आहे, आणि हे आजोबांना अजिबात पटलेले नाही.