पंढरपूरला काकड्याला जायचं तर

‘पुण्याहून रात्री निघालो तर पंढरपूरचा काकडा मिळेल का?’ तुम्ही विचारलंत, आणि बरेच जण विचारतात, म्हणून हे जरा सविस्तर.

काकडा म्हणजे देवाला जागं करणारी पहाटेची आरती. ती मिळणं अवघड आहे. मंदिर पहाटे साधारण चारला उघडतं, लगेच काकडा होतो आणि त्यानंतर नित्यपूजा. बाकीच्यांचं पदस्पर्श दर्शन सुरू व्हायला सहा वाजतात. रात्रभर गाडी चालवून साडेपाचला पोचणारा माणूस रांगेत उभा राहतो आणि आपण काकड्याच्याच रांगेत आहोत असं समजतो. तोवर काकडा आटोपलेला असतो. म्हणून आदल्या दिवशी मुक्कामालाच या. काकड्याच्या वेळी आत जागा थोडी असते आणि नियम बदलत राहतात. तेव्हा उजेड असतानाच मंदिर समितीच्या कार्यालयात जाऊन दुसऱ्या दिवशीची वेळ, प्रवेश कसा आणि कोणत्या दाराने, हे समक्ष विचारून घ्या. नित्यपूजा करायची असेल तर तिची नोंदणी बरीच आधी करावी लागते.

दिवसही पाहून ठरवा. आषाढी आणि कार्तिकीच्या यात्रेत देवाचा पलंग काढतात. देव झोपतच नाही, दर्शन चोवीस तास चालतं, त्यामुळे उठवायचा काकडाही नसतो. यात्रा संपल्यावर प्रक्षाळपूजा होते. देवाचा शिणवटा जावा म्हणून पायांना लिंबू-साखर चोळतात, गरम पाण्याने स्नान घालतात, रात्री काढा देतात, आणि मग रोजचे उपचार पुन्हा सुरू होतात. महिन्याच्या एकादश्या आणि शनिवार-रविवार टाळता आले तर टाळा. एकादशी नसलेला मधला वार सगळ्यात निवांत.

पहाटे तीनला उठा. रीत अशी की आधी चंद्रभागा, मग पुंडलिक, मग नामदेव पायरी आणि शेवटी विठोबा. नदीवर अंधार असतो, घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर गाळ आणि शेवाळ असतं, आणि वाळवंटात वाळू उपशाचे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. घोटाभर पाण्यात उभं राहून तांब्याने अंगावर पाणी घेतलं तरी स्नान होतं. पावसाळ्यात उजनी किंवा वीर धरणातून पाणी सोडलेलं असेल तर नदीत पाऊल घालू नका. मोठ्या पुरात पुंडलिकाचं देऊळही पाण्यात जातं. अशा वेळी घाटावरूनच पुंडलिकाला हात जोडावेत. ओल्या कपड्यांनी रांगेत उभं राहू नका, कोरडे कपडे सोबत ठेवा. चपला आणि मोबाईल मुक्कामाच्या खोलीवरच सोडलेले बरे. मोबाईल आत नेऊ देत नाहीत, आणि तो ठेवायची जागा शोधण्यात ऐन वेळ जातो.

महाद्वाराशी नामदेव पायरी आहे. तिच्यावर पाय देत नाहीत, वाकून हात लावतात आणि बाजूने जातात. समोरच चोखोबांची समाधी आहे. घाईत बहुतेकांची ती राहून जाते, तसं करू नका. चोखोबांना ज्या दारातून आत जाता आलं नाही, ते दार दलितांसाठी उघडायला १९४७ चा मे महिना उजाडावा लागला. त्यासाठी साने गुरुजींनी उपोषण केलं होतं.

आता या आरतीला काकडा का म्हणतात ते. स्वच्छ कापडाचा घट्ट पिळलेला, तुपात भिजवलेला जाड पलिता म्हणजे काकडा. देवाला जागं करून तो ओवाळतात, लोणी-साखरेचा नैवेद्य दाखवतात. ज्योत हलते तसा काळ्या पाषाणावरचा उजेड सरकतो: विटेवरची पावलं, कमरेवरचे हात, कानातली मकरकुंडलं, उंच मुकुट. दिवसभर विजेच्या दिव्यांत हेच रूप सपाट दिसतं. थंडीत देवाला शाल असते, कानाला कानपट्टी बांधलेली असते. ती बघायची असेल तर कार्तिकीची प्रक्षाळपूजा झाल्यानंतर आणि वसंत पंचमीच्या आत या.

काकडा चुकला तरी सकाळचं पहिलं दर्शन सोडू नका. इथे एक चूक जवळजवळ सगळे करतात. पायांवर डोकं ठेवायला क्षणभरच मिळतो, मागून रांग ढकलत असते, आणि डोकं खाली गेलं की मुख दिसत नाही. माणूस बाहेर येतो आणि म्हणतो, देव नीट पाहिलाच नाही. म्हणून मुख आधी बघून घ्या. सोळखांबी, म्हणजे सोळा खांबांचा मंडप, ओलांडून गाभाऱ्यालगतच्या चौखांबीत आलात की बोलणं थांबवा, मान वर करा आणि गाभाऱ्याच्या दाराकडे नजर लावा. रांग हळू सरकते तेवढा वेळ तुमचा असतो. विटेशी पोचलात की डोकं टेका आणि उठा. तिथे नवस सांगत बसायला वेळ नसतो, ते आधीच मनात सांगून झालेलं असावं. तुळशीचा हार हातात सुटा ठेवा, पिशवीत बांधलेला असेल तर गाठ सोडता सोडता पाळी जाते. वाटेतल्या सोळखांबीतल्या गरुडखांबाला मिठी मारायची राहू देऊ नका.

गुडघे दुखत असतील किंवा लहान मूल कडेवर असेल तर सरळ मुखदर्शनाची रांग धरा. ते लांबून असतं, पण लवकर होतं आणि मुख नीट दिसतं. त्यात काही उणं नाही.

बाहेर पडायच्या आधी मागच्या बाजूला रखुमाईकडे जा. तिचं देऊळ वेगळं आहे आणि दर्शनही निवांत होतं. मग कपाळाला बुक्का लावा आणि परतीची गाडी बघा. त्या दिवशी बुधवार असेल तर आणखी एक मुक्काम करायची तयारी ठेवा. बुधवार हा विठोबाचा वार, आणि जुनी वारकरी माणसं त्या दिवशी पंढरपूर सोडत नाहीत.