न्हाणी आत घ्या

आज बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात होतो. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलींना राहायला आम्ही काही जण मिळून दोन खोल्या बांधतोय, त्याचा पाया आखायचा होता.

दिवाळी झाली की निम्मं गाव कारखान्यावर. नवरा-बायको मिळून 'एक कोयता', आगाऊ घेतलेली उचल आधीच संपलेली. पोरगी सोबत नेली तर शाळा सुटते आणि राहायचं कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, जिला धड दारही नसतं. मागे ठेवली तर आजीच्या भरवशावर. मग 'हात पिवळे करून टाकू' सुरू होतं, वय तेरा-चौदा असलं तरी. सरकारची संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची. चांगलीच आहे, पण प्रत्येक पोरगी तिथवर पोचत नाही.

नकाशा मीच काढलेला. (जरा मिरवलाही होता.) एक आजी बराच वेळ फक्कीच्या रेघा बघत उभी होती.

"न्हाणी मागं कशाला रं? रातच्याला पोरीनं अंधारात भायेर जायाचं व्हय? घरातच घे. अन् कडी आतून."

मी गप्प. गवंडीमामांनी काही न बोलता चपलेनं रेघ पुसली आणि फक्कीचं घमेलं माझ्याकडे सरकवलं.