सात नावांचा कागद

फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या पुढच्या खोलीत छताला टेकेल एवढा कापूस भरलेला होता. चौदा क्विंटल. पोरं त्या खोलीच्या दाराशी झोपायची आणि रात्रभर अंग खाजवायची. ज्यांच्या घरी कापूस भरून ठेवतात त्यांना ही खाज सांगायला नको. मुलाच्या दोन्ही हातांवर लाल पुरळ, आणि आम्ही भावाची वाट बघतोय. २०२२ च्या सुरुवातीला कापूस दहा हजारांवर गेला होता. तो आकडा आमच्या ह्यांच्या डोक्यातून निघत नव्हता.

आमचं गाव पांढरकवड्यापासून अठरा किलोमीटर. पाच एकर कोरडवाहू, एक बैलजोडी, माझी शिलाई मशीन. मशीनवर महिन्याला चार-साडेचार हजार सुटतात, लग्नसराईत थोडे जास्त.

कर्ज किती आहे, हे कागदावर मांडलं त्या दिवसापर्यंत आम्हा दोघांपैकी कुणालाच पूर्ण माहीत नव्हतं. आज कुणाला द्यायचं, एवढंच माहीत असायचं. मायक्रोफायनान्सचा, म्हणजे कंपन्या बायांच्या गटाला देतात त्या छोट्या कर्जाचा, हप्ता मंगळवारी, समाजमंदिरात. सगळ्या बायांचा हप्ता जमा होईपर्यंत कुणी उठायचं नाही. एकदा माझे सहाशे कमी पडले, तर अकरा बाया दुपारपर्यंत बसून राहिल्या. शेजारीण तोंडावर म्हणाली, "आमचं दूध काढाचं राह्यलं वं, कवा होईन तुयं?" दुसऱ्या एका कंपनीचा पोरगा रात्री आठ वाजता ओट्यावर येऊन बसायचा. रिझर्व्ह बँकेच्या नियमात या कर्जाच्या वसुलीला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोनही करायचा नाही असं आहे, हे मला फार उशिरा कळलं.

सावकार मात्र कधी घरी आला नाही. गावातलाच, नात्यात लांबून लागतो. रस्त्यात भेटला की गाडी थांबवून म्हणायचा, "काही घाई नाही वहिनी, आपलं घरचंच हाय." त्यामुळे हातात पैसा आला की तो ओट्यावर बसलेल्याला जायचा. सावकाराचं नंतर बघू.

त्याचे साठ हजार मे २०२२ मध्ये घेतले होते. सासूबाईंचं पोटाचं ऑपरेशन, त्यात पेरणी तोंडावर. शेकडा पाच, म्हणजे महिन्याला तीन हजार नुसतं व्याज. चौदा महिने भरलं, बेचाळीस हजार झाले. मुद्दल साठच्या साठ. त्यातले शेवटचे सहा-सात महिने मी व्याज कुठून भरलं, तर ह्यांना न सांगता तिसऱ्या कंपनीकडून तीस हजार उचलले त्यातून. ते संपले तसं व्याजही थांबलं. मग नोव्हेंबर २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात अवकाळी आला. फुटलेला कापूस झाडावरच भिजला, तुरीचा फुलोरा गळाला.

त्या धांदलीत एक मूर्खपणाही झाला. तहसील कार्यालयाजवळ एक जण बसतो, "सिबिल साफ करून देतो" म्हणाला. सिबिल म्हणजे कुणी कर्ज कसं फेडलं याची नोंद, बँका ती बघतात. दोन हजार घेतले, आधारची झेरॉक्स घेतली, नंतर फोनच उचलला नाही.

खरी वाट बचत गटाच्या बैठकीत सापडली. उमेद या सरकारी अभियानातला आमचा गट आहे. बँक सखी, म्हणजे गटांची बँकेची कामं बघणारी बाई, सहज बोलून गेली की तालुक्याला वित्तीय साक्षरता केंद्र आहे, तिथे कर्जाचा हिशेब मांडून देतात, पैसे घेत नाहीत. मला आधी वाटलं, बँकेचीच माणसं, वसुलीचंच बोलतील. तरी गेले. निवृत्त बँक अधिकारी होते, जरा तुसडे. माझं पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "ताई, भाऊंना घेऊन या. अर्ध्या घराचा हिशेब मी करत नाही."

म्हणजे तीस हजारांचं घरी सांगणं आलं. एसटीत बसल्यापासून वाक्यं जुळवत होते. संध्याकाळी हे बैलांना कुटार टाकत होते तिथेच सांगून टाकलं. हे काही बोलले नाहीत. टोपली रिकामी झाल्यावरही ती हातात धरून उभे होते. मग एवढंच विचारलं, "कवा जाचं तालुक्याले?"

सरांनी एक कोरा कागद घेतला, उभ्या रेघा मारल्या. कुणाचं, बाकी किती, व्याज किती, हप्ता किती, तारण काय, आणि शेवटचा रकाना: संपणार कधी. एकेक नाव लिहायला लागलो. पीककर्ज, दोन हंगाम थकलेलं, मार्चअखेरच्या व्याजासह १,२८,४००. मायक्रोफायनान्स तीन: २०,७५०, ३७,८७० आणि माझं लपवलेलं ९,५२०. सावकार त्याच्या वहीप्रमाणे, व्याजावर व्याज लावून, ८४,४००. मग कृषी केंद्राची उधारी. मी म्हटलं अठरा हजार. हे खाली बघत म्हणाले, "बत्तीस."

"अठरा ना?"

"बत्तीस वं."

लपवणारी मी एकटीच नव्हते. खरं सांगते, तेव्हा जरा बरं वाटलं.

सातवं नाव ह्यांच्या बहिणीचं. दहा हजार, बिनव्याजी. तिने कधी मागितले नाहीत म्हणून आम्ही ते कर्जात धरलेच नव्हते. बेरीज ३,२२,९४०.

मग सरांनी प्रत्येकाचं महिन्याचं व्याज वेगळं काढलं. एकट्या सावकाराचं ४,२२०. बाकी सगळ्यांचं मिळून अडीच हजारांच्या आसपास. कर्जात त्याचा वाटा चौथ्या हिश्शाचा, पण व्याजाच्या दर दहा रुपयांतले सहा त्याचे. आणि 'संपणार कधी' या रकान्यात मायक्रोफायनान्ससमोर तारखा आल्या: जुलै २०२४, जानेवारी २०२५, जुलै २०२५. सावकारासमोर सरांनी नुसती आडवी रेघ ओढली. "या तिघांचा शेवट कॅलेंडरवर आहे," म्हणाले. "याचा नाही."

आता करायचं काय, यावर आमच्यापुढे चार-पाच वाटा होत्या. घर तारण ठेवून एकच मोठं कर्ज घ्यायचं आणि सगळे मिटवायचे, असं एक कंपनी सांगत होती. हप्ता लहान दिसत होता, पण सात वर्षांचा. ते तिथेच सोडलं. एक एकर विकायचं ह्यांच्या मनात होतं. सर नाही म्हणाले नाहीत, "सगळ्यात शेवटी" म्हणाले. पीककर्जाचं पुनर्गठन, म्हणजे नुकसानीनंतर फेडायला वाढीव मुदत, होतं का विचारलं, तर नुकसान व्हायच्या आधीच खातं थकीत असेल तर ते बसत नाही.

राहिली माफी. गावात निम्मे लोक बँकेत पाय टाकत नव्हते. "माफी येते वं, औंदा इलेक्शन हाय," हे म्हणायचे, आणि त्यांना वेड्यात काढायची सोय नव्हती. २०१७ मध्ये दीड लाखापर्यंत माफी आली होती, २०१९ च्या शेवटी दोन लाखांपर्यंतची जाहीर झाली, त्यात आमचं खातं बसलं होतं. ज्याला एकदा लॉटरी लागली, त्याला तिकीट घेऊ नको कसं सांगणार? सरांनी वाद घातला नाही. एवढंच सांगितलं की मुदतीत भरलं तर तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला पंजाबराव देशमुखांच्या नावाच्या योजनेतून व्याज शून्य पडतं, आणि थकलं की पूर्ण दराने चढतं. शिवाय थकीत खात्याला नवं पीककर्ज नाही, म्हणून बियाणं-खत उधारीत, आणि उधारीत गोणीचा भाव वेगळा. ते बत्तीस हजार असेच झाले होते.

त्यातच लोक अदालतीची नोटीस आली. कोर्टाचं नाव वाचून सासूबाई रडायला लागल्या. प्रत्यक्षात तिथे एका टेबलावर बँकेचा माणूस, दोन वकील आणि थंड झालेला चहा. एकरकमी भरा, व्याजात सूट देतो, म्हणाले. सूट चांगली होती. मी विचारलं, "सूट घेतली तर जूनमध्ये नवं कर्ज देणार का?" तो माणूस कागद चाळायला लागला. मग म्हणाला, "ते शाखा बघेल." सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की तडजोड केली की सिबिलच्या अहवालात 'सेटल्ड' असा शेरा बसतो, आणि पुढची बँक तो आधी वाचते. आम्ही सही न करता उठलो. वकील जरा हसले. ज्याला पुन्हा कर्ज लागणार नाही, त्याने तडजोड घ्यावी, आमची काही हरकत नाही. आम्हाला तीन महिन्यांनी पेरायचं होतं.

ठरलं ते असं: आधी सावकार, मग मार्चच्या आत पीककर्ज पूर्ण, मायक्रोफायनान्सचे हप्ते जसेच्या तसे, आणि नवीन गटात नाव नाही. सावकारासाठी माझी पोत आणि कानातले, मिळून पंधरा ग्रॅम, बँकेत सोनेतारण. मला वाटलं सासूबाई विरोध करतील, कारण पोत त्यांनीच घातली होती. त्या म्हणाल्या, "सोनं काय चाटाचं हाय काय? ने." बँकेच्या सोनाराने कसोटीवर घासून बघितलं, ६५,००० मिळाले. व्याज वर्षाला नऊ टक्क्यांच्या आसपास. तेवढ्याच साठ हजारांवर सावकाराचं वर्षाचं छत्तीस हजार होत होतं, बँकेचं साडेपाच.

सावकाराकडे परवाना नव्हताच. २०१४ च्या सावकारी कायद्यात परवाना असलेल्यालाही शेतकऱ्याकडून विनातारण वर्षाला बारा टक्क्यांच्या वर घेता येत नाही. तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे करायची असते. सरांनी अर्ज कसा लिहायचा ते सांगितलं, मी तो रात्री बसून लिहिला. हे म्हणाले, अर्ज द्यायचा नाही, गावात राहायचं आहे. मी म्हटलं, द्यायचा नाही, पण पिशवीत असू द्या.

आम्ही दोघं आणि ह्यांचे चुलते गेलो. चहा आला. त्याने वही काढली, बोट फिरवत आकडा सांगितला. चुलते म्हणाले, "मुद्दल घे अन् कागद दे. बेचाळीस हजार तुले आधीच भेटले." तो हसून म्हणाला, "काका, धंद्यात असं चालत नाही." मी पिशवीतून अर्ज काढला आणि त्याच्या कपाजवळ ठेवला. काही बोलले नाही, खरं म्हणजे तोंडाला कोरड पडली होती. त्याने तो वरपासून खालपर्यंत वाचला. इतका सावकाश, की चहावर साय धरली. मग उठून आत गेला आणि साडीच्या दुकानाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला स्टॅम्पपेपर घेऊन आला. शंभराचा. खाली ह्यांची निळ्या शाईतली सही, आणि वरती सगळं कोरं. त्या कोऱ्या जागेत आमचं पाच एकर मावलं असतं. साठ हजार मोजून दिले. "पूर्ण मिळाले, बाकी काही नाही" असं तारीख टाकून त्याच्याच हाताने लिहून घेतलं.

अर्ज खरोखर द्यायला हवा होता की नाही, यावर आमच्या घरात अजून दोन मतं आहेत. त्याच्याकडे असे आणखी किती कागद त्या पिशव्यांमध्ये असतील, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

त्यानंतर कापूस. ७,३०० ने विकला. दहा हजार आलेच नाहीत. गाडी भरून गेल्यावर मी खोली दोन वेळा धुतली. कापसाचे १,०२,२०० आणि घरी ठेवलेल्या तीन क्विंटल तुरीचे २९,७०० मिळून २८ मार्चला पीककर्जाचा शेवटचा रुपया भरला. सरांचा एक अंदाज मात्र साफ चुकला. पंधरा दिवसांत नवं कर्ज मिळेल म्हणाले होते. सातबारा, आठ-अ, बाकी नसल्याचा नो-ड्यूज दाखला, साहेब रजेवर, असं करत जूनच्या शेवटी मिळालं, तोवर पेरणी झाली होती. बियाणं पुन्हा उधारीतच आणलं, पण कर्ज हातात आल्यावर दुकानदाराचे जुने-नवे मिळून बरेचसे रोख फेडले.

पुढचं सगळं रटाळ आहे. मंगळवार, हप्ता, मंगळवार, हप्ता. जुलैत एक संपला, जानेवारीत दुसरा. दिवाळीत साड्या घेतल्या नाहीत, ब्लाऊज शिवले. उरलेली एक कंपनी जानेवारीतच "टॉप-अप देतो, सही करा" म्हणत, म्हणजे चालू कर्जावर आणखी कर्ज घेऊन, आली होती. शेवटचा हप्ता जुलै २०२५ मध्ये भरला. नणंदेला दहा हजार परत द्यायला गेलो तर ती रागावली. सोनं अजून बँकेत आहे. वर्षाला व्याज आणि वर थोडं मुद्दल भरून नवं करून घेतलं, कानातले अजून सुटायचे आहेत.

परवा बाजाराच्या रस्त्यावर सावकार भेटला. गाडी थांबवली, मुलीच्या अॅडमिशनची चौकशी केली, आणि तसाच हसून म्हणाला, "लागले त सांगजा भाऊ, घरचंच हाय." ह्यांनी उत्तर न देता गाडीला किक मारली. गाडी सुरू झाली नाही. तीन किका माराव्या लागल्या, तोवर तो तिथेच उभा होता.