जायला चार तास, यायला दहा

८ एप्रिल २०२४ च्या सूर्यग्रहणात बॉस्टनमध्ये सूर्य नव्वद टक्क्यांहून जास्त झाकला जाणार होता. "मग अंगणातूनच बघू की," नवरा म्हणाला. पण खंडग्रास ते खंडग्रासच, उरलेली सूर्याची कोरही दिवस तेवत ठेवते. म्हणून पहाटेच निघालो कोलब्रुकला. न्यू हॅम्पशायरच्या उत्तर टोकाचं हे गाव, तिथे खग्रास तीन मिनिटांहून थोडं जास्त. निघताना पुण्याहून आईचा फोन : "वेध लागलेत, वाटेत खाऊ नका." तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा पहिल्या तासातच संपला.

कडेला जुना बर्फ, मध्ये चिखल. गमबूट घाला. आकाश मात्र लख्ख.

शेवटच्या दहा मिनिटांत उजेड संध्याकाळसारखा पिवळा होत नाही, शिशासारखा करडा होतो. आधी शुक्र दिसला. मग साडेतीनच्या सुमारास सूर्याचा शेवटचा ठिपका हिऱ्याच्या अंगठीसारखा चमकला आणि सूर्याच्या जागी काळं भोक, भोवती पांढरी प्रभा. खालच्या कडेला गुलाबी ठिपका, सूर्यावरची ज्वाला, नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. तेवढ्यात लेक ओरडला, "आई, काहीच दिसत नाहीये!" ग्रहणाचा चष्मा काढायचाच राहिला होता. मुलांना आधीच बजावून ठेवा : खग्रास असेपर्यंतच चष्मा काढायचा, सूर्याची पहिली किरण दिसली की परत डोळ्यांवर. मी स्वतः फोनशी खटपट करण्यात वीसेक सेकंद घालवली. फोटो धड एकही नाही.

खरी चूक पुढची. सव्वाचारला सगळ्यांबरोबर आम्हीही निघालो. फ्रँकोनिया नॉच या खिंडीपाशी आय-९३ हा हमरस्ता एकाच लेनचा होतो. तिथे गाड्या मुंगीच्या चालीने. रात्री दहाला गाडी जागची हलत नव्हती आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पुण्यातल्या गुढ्यांचे फोटो येत होते. तिकडे पाडवा उजाडला होता! घरी पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. मुक्काम करता येत असेल तर कराच. नाहीतर जेवण बरोबर घेऊन अंधार पडेपर्यंत तिथेच थांबा. पेट्रोलची टाकी जातानाच भरा, नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा आणि दिसेल ते स्वच्छतागृह सोडू नका.

१२ ऑगस्ट २०२६ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी स्पेनला जाणाऱ्यांनी जागा आणखी जपून निवडावी. माद्रिद आणि बार्सिलोना खग्रास दिसणाऱ्या पट्ट्याच्या जरा बाहेर राहतात. बुर्गोस, लिओन, सारागोसा आत. तिथे सूर्य मावळतीला टेकलेला असेल, त्यामुळे पश्चिमेला डोंगर किंवा इमारत आली तर सगळं मुसळ केरात.