डिसेंबरातला मेळावा

दापोली तालुक्यातल्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात दर डिसेंबरात माजी विद्यार्थी अकरावी-बारावीच्या पोरांशी बोलायला येतात. मी मंडळाचा चिटणीस, म्हणजे सतरंज्या मोजण्यापासून पाहुण्यांना स्टँडवरून आणण्यापर्यंत सगळं माझ्याकडे. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, शाल-श्रीफळ, लांबलेलं प्रास्ताविक हे सगळं होतं. त्यात पोरांचं लक्ष नसतं आणि खरं तर माझंही नसतं.

मी वाट बघतो ती हिशेब सांगणाऱ्यांची. ‘मोठी स्वप्नं बघा’ म्हणणारे वक्ते आम्हाला पुष्कळ मिळाले, टाळ्याही घेऊन गेले. बोटीवरचा आमचा एक जण मात्र भाषण करतच नाही. रजेवर घरी असला की येतो, खिशातून सीडीसी, म्हणजे जहाजावरच्या नोकरीचं ओळखपुस्तक, काढून पहिल्या बाकावर देतो आणि ती हातोहात मागे जाते तोवर बोलत राहतो. डेकवर अधिकारी व्हायचं तर बारावीला पीसीएममध्ये ६० टक्के, इंग्रजीत दहावीला किंवा बारावीला ५०, मग आयएमयू-सीईटी ही प्रवेश परीक्षा. तेवढं जमणार नसेल तर दहावीवर जीपी रेटिंग, म्हणजे खलाशाचं प्रशिक्षण, ६ महिन्यांचं. फी भरायच्या आधी डीजी शिपिंगच्या, म्हणजे जहाजांच्या सरकारी खात्याच्या, मान्यतेच्या डॉक्टरकडे डोळे तपासा, रंग ओळखता आले नाहीत तर डेकवर घेत नाहीत. आणि कुणी एजंट नोकरी देतो म्हणाला तर आधी त्याचा आरपीएसएल, म्हणजे जहाजावर भरती करायचा सरकारी परवाना बघा. हे तो दोनदा सांगतो. दुसऱ्यांदा आवाज चढतो. का, ते गावातल्या जाणत्यांना ठाऊक आहे.

हर्णैची एक मुलगी आली होती, रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयातून बी.एफ.एस्सी., म्हणजे मत्स्यशास्त्राची पदवीधर झालेली. कृषी विद्यापीठ १९७२ पासून आमच्या दापोलीत, हे महाविद्यालयही त्याचंच, पण आमच्या पोरांना त्याचा पत्ता नसतो. बंदरावरच्या मासळीच्या लिलावात आईशेजारी बसून वाढलेली ती. बर्फ कमी पडला की संध्याकाळपर्यंत भाव कसा उतरतो, ते तिने आईच्याच टोपलीवरून समजावलं. मागे बसलेल्या पाजपंढरीच्या कोळीवाड्यातल्या पोरी तेव्हा पहिल्यांदा ताठ झाल्या. माझा चष्मा मला पुसावा लागला, सांगायला काय हरकत आहे?

मग एकीने उभं राहून विचारलं, ‘ताई, पैसे किती लागले?’ व्यासपीठावर कुणीतरी कपाळाला आठी घातली. मला तो प्रश्न फार आवडतो. ताईने वसतिगृह, मेस, एसटीचा पास, शिष्यवृत्ती कधी जमा झाली इथपर्यंत सगळं सांगितलं. तिच्यानंतरच्या नर्सताईनेही तसंच केलं. कला शाखेतून बारावी होऊनही जीएनएम हे ३ वर्षांचं नर्सिंग करता येतं, हे कित्येकींना तेव्हाच कळलं.

आता आमचे चाकरमानी. गणपतीला आणि शिमग्याला गाडीत पाय ठेवायला जागा नसते. मेळाव्याच्या निरोपाला मात्र ग्रुपवर नुसते अंगठे. असो.

ज्यांच्यामुळे हे होतं त्यांची नावं घेतलेली त्यांना आवडणार नाहीत, पण शिपाईमामा, प्रयोगशाळेतून एक्स्टेन्शन आणून देणारे सर, माइकवाला (पैसे घेत नाही), सकाळपासून कांदेपोहे करणाऱ्या बचत गटाच्या काकू, भांडी देणारं देऊळ, बोर्डावर अक्षर काढणारी अकरावीची मुलगी, आणि हो, पाण्याचे जार गाडीवरून आणणारे दोघे भाऊ. गेल्या वेळी आभारात ते राहिले होते, त्यांच्या आईने मला बाजारात ऐकवलं.

पुढचा मेळावा शनिवारी की रविवारी, यावर मंडळात वाद चाललाय. मुंबईकरांना रविवार सोयीचा. पण रविवारी वाड्यांवरच्या पोरांना शाळेच्या वेळेची एसटी नसते. मी शनिवारच धरणार आहे.