आईची गोळी आणि गोठ्यातलं वासरू

जूनमध्ये आईने संधिवाताची गोळी एका दिवसात बंद करून टाकली. प्रेडनिसोलोन म्हणजे स्टेरॉइडची गोळी, रोज 20 मिलीग्राम, चार महिने चालू होती. बोटांची सूज उतरली, ठणका थांबला, मग म्हणे, "आते बरं वाटी ऱ्हायनं, कशाले खाऊ गोळ्या?" आम्हालाही वाटलं चला एक औषध कमी झालं. चौथ्या दिवशी उलट्या सुरू, उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी, आम्ही पित्त समजून लिंबू सरबत पाजत बसलो आणि रात्री बीपी इतका खाली गेला की अमळनेरहून गाडी करून धुळ्याला पळावं लागलं.

तिथे कळलं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन लहान ग्रंथी असतात, त्या कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवतात. बाहेरून स्टेरॉइड येत राहिलं की त्या काम सोडून देतात आणि परत कामाला लागायला त्यांना कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. पहिल्यांदा गोळी लिहून देणाऱ्याने "मनाने बंद करू नका" एवढं एक वाक्य बोलायला हवं होतं, याचा मला अजून राग आहे.

आईला ग्रंथी-बिंथी काही पटेना. मग म्हटलं, माय, तू वासराचं दूध एका दिवसात तोडतेस का?

गप्प झाली. कारण त्यात तिचा हात धरणारं घरात कोणी नाही. आधी संध्याकाळचं दूध कमी करते, दूध पिऊन झालं की ओल्या तोंडातच चिमूटभर खुराक सारते, वासरू थुंकतं, ही परत सारते. लहानपणी दूध वासराच्या चार पोटांपैकी सरळ चौथ्यात जातं, मोठं पोट तयार होतं ते दाणा-खुराक खाऊनच, म्हणून रोज किलोभर खुराक सलग तीन दिवस खाल्ल्याशिवाय ती दूध पूर्ण तोडत नाही. घाई केली की वासरू हंबरून हंबरून खंगतं.

आता कॅलेंडरवर पेन्सिलने डोस लिहिलेत, 20, 15, 10, 7.5. गोळी सकाळी नाश्त्यानंतर. मध्ये ताप आला तेव्हा डॉक्टरांनी डोस तात्पुरता वाढवला, कारण आजारपणात शरीराला कॉर्टिसॉल जास्त लागतं, तर ही रडवेली, "परत मांगे गई का मी?" नाही गं माय.

सध्या 5 वर आहे. इथून खालच्या पायऱ्या सगळ्यात सावकाश, पुढची दिवाळीनंतर.